ताप आला तर आधी कोपर वाकवून बघा

माझा धाकटा भाऊ क्लोझापाइन घेतो, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारावरची गोळी. या गोळीने तो पुन्हा माणसांत आला, त्यामुळे हे वाचून कुणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पण ज्या घरात अशी औषधं चालू आहेत, तिथे ताप आला की 'व्हायरल असेल' म्हणून क्रोसिन देऊन झोपवायचं नाही.

आधी रुग्णाचा कोपर हळूहळू वाकवा, सरळ करा. हात लाकडासारखा ताठ लागतोय, दरदरून घाम येतोय, बोलण्यात गोंधळ आहे? पुढची गोळी न देता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. हा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, म्हणजे या औषधांची शरीरावर उठणारी गंभीर प्रतिक्रिया, असू शकतो. क्वचित होतो, पण जिवावर बेततो. बहुतेकदा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत होतो. कॅज्युअल्टीत गोळ्यांची स्ट्रिपच हातात द्या, 'मानसिक आजाराचं औषध' एवढंच सांगून भागत नाही.

हात सैल असला म्हणून निर्धास्त राहू नका. क्लोझापाइनने पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात. १९७५ साली फिनलंडमध्ये त्यातून रुग्ण दगावले, म्हणून तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. ताप, घसादुखी, तोंडात फोड यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करा. रिपोर्टमधला नुसता टोटल काउंट बघू नका. टोटल ४००० आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३० टक्के असतील तर खऱ्या कामाच्या पेशी १२००च आहेत. न्यूट्रोफिलचा हा आकडा १५००च्या खाली गेला की लगेच डॉक्टरांना फोन.

पहिल्या महिना-दोन महिन्यांत ताप, धाप, छातीत दुखणं किंवा धडधड असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. तेव्हाही हॉस्पिटलच.

बद्धकोष्ठाकडे मात्र कुणी लक्षच देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. क्लोझापाइनने आतडी मंदावतात, आणि त्यातूनही माणसं गेली आहेत. मोठा भाऊ असो की वडील, लाज न धरता रोज विचारा. आपल्याकडे लगेच इसबगोल देतात. इथे तो उलट आत तुंबू शकतो. रेचक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. पोट फुगून दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट बघू नका.

आणि गोळी दोन दिवस चुकली, तर तिसऱ्या दिवशी नेहमीचा डोस देऊ नका. डॉक्टर पुन्हा अगदी कमी डोसपासून चढवत नेतात.