अंडू केल्यावर बोर्ड बिघडतोय, पण दर वेळी नाही? असा शोधा बग

कीकॅड या सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड करताना कंट्रोल झेड मारलं (म्हणजे अंडू केलं) आणि एखादा व्हाया (दोन लेयर जोडणारं भोक) गायबच झाला, किंवा फुटप्रिंट (पार्टचा बोर्डवरचा आराखडा) जागेवर परत आलं पण त्यातल्या एका पॅडचं नेट, म्हणजे ते कशाला जोडलंय ते, भलतंच, आणि पुन्हा तेच करून बघितलं तर सगळं नीट... असं झालं की बरेच जण सॉफ्टवेअर बंद करून परत उघडतात आणि कामाला लागतात. प्लीज असं करू नका. अंडूची यादी फाइलमध्ये सेव्ह होत नाही, ती मेमरीत असते, त्यामुळे प्रोग्रॅम बंद केला की पुरावा गेला.

आधी बोर्ड आहे तसा वेगळ्या नावाने सेव्ह करा, मग शेवटी काय काय केलं ते मागून पुढे लिहून काढा, म्हणजे सगळ्यात ताजं आधी. नुसतं ‘फुटप्रिंट हलवलं’ लिहून भागत नाही. एम दाबून हलवलं का माउसने ओढलं, हलवता हलवता आर दाबून फिरवलं का, एफ दाबून खालच्या लेयरवर टाकलं का, मध्येच एस्केप मारलं का, हे सगळं पाहिजे. पुढच्या वेळेसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवा, आठवणीवर फार भरवसा नको.

आता मुख्य मुद्दा. अंडूचा बग जिथे दिसतो तिथे बहुतेक वेळा नसतोच. कमांड काहीही बदलायच्या आधी त्या वस्तूची जुनी कॉपी यादीत टाकते आणि सोबत नोंद करते की वस्तू नवीन आली, बदलली का काढून टाकली. समजा एका कमांडने पाच वस्तू बदलल्या आणि नोंद चारचीच केली, तर त्या क्षणी स्क्रीनवर सगळं बरोबरच दिसतं, मग तुम्ही अर्ध्या तासाने धडाधड कंट्रोल झेड मारत मागे येता, पाचवी वस्तू तशीच राहते, आणि आळ येतो तो तुम्ही शेवटी जे केलं त्याच्यावर. म्हणून कुठल्या अंडूने बिघडवलं हे शोधत बसू नका, कुठल्या कमांडने नोंद अर्धवट केली ते शोधा.

आणि ते डोळ्यांनी शोधू नका, फाइलने शोधा. कीकॅडची बोर्ड फाइल साधी टेक्स्ट आहे, आणि २०२१ च्या शेवटी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक वस्तूला स्वतःचा यूयूआयडी, म्हणजे वेगळा ओळख क्रमांक, असतो, हे आपल्या फार कामाचं. एक कॉपी सेव्ह करा, संशयित कमांड एकदाच चालवा, कंट्रोल झेड मारा, दुसरी कॉपी सेव्ह करा, आणि दोन्हींचा डिफ काढा, म्हणजे कुठल्या ओळी वेगळ्या आहेत ते बघा. फरक शून्य यायला पाहिजे. एक ओळ जरी वेगळी आली तरी यूयूआयडीवरून नेमकी वस्तू सापडते. रिडूचं पण असंच तपासा, ते लोक विसरतातच. कॉपर झोन (तांब्याने भरायचे भाग) भरलेले असतील तर पॉलिगॉनच्या बिंदूंनी डिफ भरून जातो आणि काही दिसत नाही, म्हणून सुरुवातीलाच कंट्रोल बीने सगळे झोन रिकामे करा आणि झोन आपोआप भरायचा पर्याय बंद ठेवा. संशय झोनवरच असेल तर मात्र हे करू नका.

कुठल्या कमांडपासून सुरू करायचं? माझ्या मते एका झटक्यात बऱ्याच वस्तू बदलणाऱ्या कमांड आधी घ्या: ग्रुप करणं-मोडणं, स्किमॅटिकवरून (सर्किटच्या आकृतीवरून) बोर्ड अपडेट करणं, सगळी फुटप्रिंट बदलणं. स्किमॅटिकमध्ये एकच शीट फाइल दोनदा वापरली असेल तर तिथे हमखास बघा, कारण तोच रेझिस्टर एकीकडे आर १ आणि दुसरीकडे आर १०१ असतो, आणि अंडूला दोन्हीकडचे नंबर सांभाळायचे असतात. कुठलं टूल अर्धवट चालू असताना कंट्रोल झेड मारणं हा पण जुना संशयित आहे.

कमांड सापडली की फाइल छोटी करा. अर्धा बोर्ड उडवा, बग अजून येतोय का बघा, नसेल येत तर तो अर्धा परत आणा आणि दुसरा उडवा.

कधी येतो कधी नाही अशा बगमध्ये ‘आला नाही’ याला फार किंमत देऊ नका. तीनातून एकदा येणारा बग पाच वेळा करून बघितला तरी साधारण १३ टक्के वेळा एकदाही दिसत नाही, दहा वेळा केलं तर ही शक्यता २ टक्क्यांच्या खाली जाते. गिट बायसेक्ट करताना, म्हणजे बग कोडमधल्या कुठल्या बदलाने आला ते दर वेळी यादी अर्धी करत शोधताना, हे फार महत्त्वाचं, १००० कमिट (बदल) असले तरी दहाएक पायऱ्यांत उत्तर मिळतं, पण एका ठिकाणी चुकून ‘चांगलं’ म्हटलं की पुढचं सगळं चुकतं, त्यामुळे ‘वाईट’ म्हणायला एकदा दिसलेला पुरे, ‘चांगलं’ म्हणायला मात्र दहा वेळा करून बघाच.

डिफ स्वच्छ येतोय तरी मध्येच क्रॅश होत असेल तर बहुतेक पॉइंटरची, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याची, भानगड असते: वस्तू डिलीट झाली पण सिलेक्शनने किंवा अंडूच्या यादीने तिचा जुना पत्ता धरून ठेवलाय, आणि त्या जागी मेमरीत आता काय पडलंय त्यावर परिणाम ठरतो, म्हणून तर तो दर वेळी वेगळा वागतो. सोर्स कोडवरून कीकॅड स्वतः बिल्ड करता येत असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून करा, चालेल हळू, पण चुकीच्या जागी हात लागला की तिथेच थांबून सांगतो.

मग गिटलॅबवर, जिथे कीकॅडचे बग नोंदवतात, रिपोर्ट टाका. अबाउटमधली व्हर्जनची माहिती जशीच्या तशी कॉपी करा, छोटी केलेली फाइल आणि डिफ जोडा, पायऱ्या नंबर घालून लिहा, आणि किती वेळांपैकी किती वेळा होतं तेही लिहा. बोर्ड क्लायंटचा असेल तर आधी टायटल ब्लॉक (नाव-तारखेची चौकट) आणि नेटची नावं बदला, आणि बदलल्यावर बग अजून येतोय ना ते परत एकदा तपासून मगच पाठवा.