ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचे टायर: निवड कशी करावी, निगा कशी राखावी

पिकअपला टायर घ्यायला गेलेला माणूस सगळ्यात आधी नक्षी बघतो. खाचा किती खोल आहेत, गाडीला शोभतील का. गाडी रिकामीच फिरणार असेल तर ते चालून जातं. पण मागे चार टनांचा ट्रेलर लागणार असेल तर नक्षीचा विचार सगळ्यात शेवटी करा. तुमचं ओझं पेलते ती टायरमध्ये दाबून भरलेली हवा, आणि टायर म्हणजे ती हवा धरून ठेवणारी पिशवी. म्हणून आधी वजन किती ते कळायला हवं, मग ते पेलायला किती हवा लागेल ते, आणि मग तेवढी हवा धरेल असा टायर.

आधी गाडी वजनकाट्यावर न्या

वजनाचा अंदाज बांधू नका. नेहमीच्या प्रवासाला निघताना जसं सामान असतं तसं भरा, टाकी भरा, माणसं बसवा, ट्रेलर जोडा आणि काट्यावर जा. तीन वजनं घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी पिकअप, मग पिकअप आणि ट्रेलर दोन्ही. वजाबाकी केली की पुढच्या एक्सलवर, मागच्या एक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर किती भार आहे ते वेगवेगळं कळतं. डाव्या आणि उजव्या बाजूचं वजन वेगळं घेता आलं तर फारच उत्तम, कारण भार दोन्हीकडे सारखा क्वचितच असतो.

मागच्या एक्सलचा आकडा बघून बरेच जण चमकतात. साध्या हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. फिफ्थ व्हील किंवा गूजनेक (मागच्या हौद्यात, म्हणजे लोड बेडमध्ये बसणारे जोड) असेल तर १५ ते २५ टक्के. म्हणजे ४,००० किलोच्या ट्रेलरमुळे साध्या हिचवर ४०० ते ६०० किलो येणार. पण साधा हिच मागच्या एक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे तरफेचं काम होतं. समजा हिचवर ५०० किलो आहेत, हिच एक्सलपासून १.२ मीटर मागे आहे आणि दोन्ही एक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे. अशा वेळी पुढच्या चाकांवरून सुमारे १५० किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर ५०० ऐवजी ६५० किलो वाढतात. त्यात लोड बेडमध्ये पेटी, हत्यारं, पाण्याचे कॅन असले की मागच्या दोन टायरांचे काय हाल होतात ते लक्षात येईल. भार वाटून देणारा हिच लावला तर यातला काही भार पुन्हा पुढे जातो. तो नीट बसवल्यावर वजन पुन्हा घ्या.

हे आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलशी ताडून बघा. तिथे प्रत्येक एक्सलची कमाल मर्यादा आणि गाडीची एकूण मर्यादा दिलेली असते. मर्यादा ओलांडली असेल तर त्यावर टायर हा उपाय होऊ शकत नाही. कितीही मजबूत टायर बसवले तरी स्प्रिंग, ब्रेक आणि एक्सल होते तेच राहतात. सामान कमी करा, नाहीतर मोठी गाडी घ्या.

टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायला शिका

समजा टायरवर ‘एलटी २७५/७०आर१८ १२५/१२२एस’ असं लिहिलं आहे. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा टायर. २७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, १८ हा रिमचा व्यास इंचांत. आपल्या कामाचा खरा आकडा त्याच्या पुढे आहे. १२५ हा भारांक म्हणजे एक टायर १,६५० किलो पेलतो; १२२ म्हणजे जोडचाकांत (एक्सलच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी दोन टायर) बसवल्यावर तोच टायर प्रत्येकी १,५०० किलो पेलतो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. हा टायरचा कमाल वेग झाला, ट्रेलर त्या वेगाने ओढायचा नसतो.

आता हिशेब करा. मागच्या एक्सलवर २,६५० किलो आहेत. असे दोन टायर मिळून ३,३०० किलो पेलतील, म्हणजे ६५० किलो हाताशी शिल्लक. एवढी ऐसपैस जागा मला आवडते. त्याच जागी कारसाठीचा, ११६ भारांकाचा टायर लावला तर? त्याचे कागदावर १,२५० किलो दिसतात. पण कारचा टायर ट्रकवर लावताना त्याच्या क्षमतेला १.१ ने भागायचं असतं, म्हणजे उरले सुमारे १,१३६, आणि दोघांचे मिळून २,२७२. एक्सलवर तर त्याहून पावणेचारशे किलो जास्त आहेत. रिकाम्या गाडीवर हे टायर मऊ चालतात म्हणून कुणी सुचवले तर ट्रेलरवाल्याने सरळ नाही म्हणावं.

एलटी टायरवर लोड रेंजचं अक्षरही असतं. सी म्हणजे ६ प्लायच्या तोडीचा, डी ८ च्या, ई १० च्या, एफ १२ च्या. हल्लीच्या टायरात खरोखर दहा थर नसतात, जुन्या मोजमापाची ती भाषा टिकून राहिली आहे. बहुतेक मापांत ई रेंजचा टायर पूर्ण भार ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच) हवेवर पेलतो, डी रेंजचा ६५ वर. जड पिकअपला बहुधा ई लागतो. गाडीबरोबर जो रेंज आला त्याच्या खाली कधीही उतरू नका.

रिम आणि व्हॉल्व्ह या दोन गोष्टी दुकानात हमखास विसरल्या जातात. रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, आणि दिसायला देखण्या रिम घेताना ती तपासली नाही तर भक्कम टायर कमकुवत चाकावर बसतो. साध्या कारचा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० भरायची असेल तर जास्त दाबाचा, शक्यतो धातूचा व्हॉल्व्ह लावून घ्या, आणि टायर बदलताना तोही नवा घ्या.

आता नक्षी

डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यानेच ट्रेलर ओढणार असाल तर हायवे नक्षी घ्या. सलग पट्ट्यांची ही नक्षी वजनाखाली कमी डुलते, कमी तापते आणि जास्त टिकते. कच्च्या रस्त्यावर, शेतात, बांधकामाच्या जागेवर नेहमी जात असाल तर ऑल-टेरेन. चिखलाच्या टायरचे उंच, सुटे ठोकळे ओझ्याखाली वाकतात आणि मागून गाडी वळवळल्यासारखी वाटते, म्हणून त्यांच्यापासून दूरच राहा. बर्फात जाणं होत असेल तर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण असलेला टायर बघा.

आणि तारीख बघा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. हा आकडा कधी कधी टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून आतल्या बाजूलाही वाका. ‘नवीन’ म्हणून मिळणारा टायर दुकानात तीन वर्षं पडून असू शकतो.

हवा: रोजचं काम

टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा उष्णता असते, आणि उष्णता येते ती कमी हवेमुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त वाकते. तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती गरम होते, तसंच इथेही होतं. आतलं रबर आणि पोलादी पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

हवा थंड टायरवरच मोजा. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा दीडेक किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. घाटात चढून आल्यावर मोजलीत तर आकडा वाढलेला दिसेल. तो बघून हवा सोडू नका. ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. मुक्कामाची हवामानं बदलत असतील तर थंडीचाही हिशेब ठेवा. ३० अंशांत ८० भरलेली हवा ५ अंशांच्या पहाटे साधारण ७२ वर येते, आणि यात पंक्चर कुठेच नसतं.

ट्रेलर ओढताना दाराच्या लेबलवरचा दाब धरा. पुढच्या आणि मागच्या टायरांचा तो बहुधा वेगळा असतो. टायर लेबलपेक्षा वेगळ्या मापाचे असतील तर त्या टायर कंपनीचा भार आणि हवेचा तक्ता घ्या आणि काट्यावरच्या वजनाप्रमाणे त्यातला आकडा काढा. दोन बाजूंपैकी जड बाजू धरायची. गाडी महिनोन्महिने रिकामी चालत असेल तर त्याच तक्त्याप्रमाणे मागची हवा थोडी कमी करता येते, नाहीतर टायर मध्यभागीच घासतो. पण ट्रेलर जोडायच्या दिवशी हवा परत भरायची, हे हिचला चिठ्ठी बांधून का होईना, पण लक्षात ठेवा.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की तो लागतो. म्हणजे ८० ची ६० झाली की दिवा, आणि तोवर तुम्ही ओझं घेऊन शेकडो किलोमीटर गेलेले असता. शिवाय एकूण मर्यादा १०,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंपेक्षा जास्त असलेल्या गाड्यांना आणि जोडचाकांच्या गाड्यांना तो नियम लागूच नाही. चांगला गेज विकत घ्या आणि दाराच्या कप्प्यात ठेवा.

जोडचाकांविषयी जरा जास्त सांगतो, कारण मी एकदा त्यात फसलो आहे. लांबच्या प्रवासात थांबल्यावर बाहेरून दोन्ही टायर ताठ दिसत होते. सवयीने हाताची मागची बाजू टायरजवळ नेली तर उजवीकडच्या बाहेरच्या टायरची धग दुरूनच लागली. डावीकडचा नुसता कोमट. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह गळत होता, त्यात हवा जवळजवळ नव्हतीच, आणि बाहेरचा टायर दोघांचं ओझं वाहत होता. त्याने हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हापासून दर थांब्यावर सगळ्या टायरांजवळ हात नेतो, आणि आतल्या टायरला लांब व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे. जोडीतले दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. व्यासात ६ मिलिमीटरहून जास्त फरक असला तर मोठा टायर एकटाच राबतो. दोघांच्या फटीत अडकलेला दगडही काढून टाका.

झीज वाचणं आणि टायर फिरवणं

महिन्यातून एकदा तळहात टायरवरून आडवा फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मध्य झिजला असेल तर जास्त. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बघा. हाताला चढउतार, वाट्यांसारखे खड्डे लागले तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. करवतीसारखं एका दिशेने खरखरलं तर तीही अलाइनमेंटचीच तक्रार.

दर ८,००० ते १२,००० किलोमीटरांना टायरांच्या जागा बदला. ट्रेलरवाल्याने ८,००० धरावेत, कारण मागचे टायर फार राबतात. जागा बदलल्यावर पुढच्या-मागच्या दाबाप्रमाणे हवा पुन्हा भरायला विसरू नका. नट टॉर्क रेंचनेच आवळा आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एकच टायर नवा आणि बाकीचे झिजलेले अशी भेसळ करू नका. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांना त्याची किंमत मोजावी लागते.

कधी बदलायचा

अनेक देशांत कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर खोलीची आहे. ओल्या रस्त्यावर ट्रेलर ओढणाऱ्याने ३ मिलिमीटरलाच नवे टायर घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. बाजूला फुगा आला, दोरे दिसले, खोल चीर गेली तर त्याच दिवशी टायर काढा. पंक्चर मधल्या पट्ट्यात असेल आणि भोक ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तरच दुरुस्ती करा, तीही टायर रिमवरून उतरवून, आतून पॅच लावून आणि भोक बुजवून. बाजूच्या भिंतीचं पंक्चर जोडायचं नसतं. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षांचा टायर काहीही झालं तरी काढा.

ट्रेलरच्या टायरांनाही हेच लागू आहे. त्यांच्यावर एसटी अशी खूण असते, ते पिकअपला लावायचे नसतात, आणि वेगाचं अक्षर नसेल तर बहुधा ताशी १०५ किलोमीटरच्या पुढे न्यायचे नसतात. ट्रेलर बराच काळ उभा राहतो, त्यामुळे त्याचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि वयाने जातात. त्यांच्यावर आच्छादन घाला.

शेवटी स्टेपनी. गाडीखाली टांगलेली असल्याने तिच्याकडे कुणी बघत नाही. तिचा भारांक बाकीच्यांइतकाच आहे ना, तिच्यात हवा आहे ना, आणि तुमचा जॅक भरलेली गाडी उचलतो ना, हे एकदा अंगणात, उजेडात, घाई नसताना करून बघा.