उभी असलेली फोक्सवॅगन कॅम्पर चालू करताना: आधी रबर, मग इंजिन

दहा-पंधरा वर्षे शेडमध्ये उभी राहिलेली फोक्सवॅगन टाइप 2 कॅम्पर हाती आली की पहिला हात बॅटरीकडे जातो. नवी बॅटरी, कार्ब्युरेटरमध्ये घोटभर पेट्रोल, आणि सेल. हा हात आवरा. या गाडीचे इंजिन साधे आणि चिवट आहे, थोड्या खटपटीने ते बहुधा बोलतेही. घात करते ते रबर: पेट्रोलचे, ब्रेकचे, आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते इंजिनकक्षाच्या कडेचे. इंदूरच्या मे महिन्यात तिसरे रबर पहिल्या दोन्हींइतकेच महत्त्वाचे ठरते.

आधी गाडी कोणती ते ओळखा. पुढची काच दोन तुकड्यांची असेल तर 1967 पर्यंतची. एकसंध, वळलेली असेल तर ऑगस्ट 1967 नंतरची, जर्मनीत 1979 पर्यंत बनलेली. मागचे दार उघडल्यावर पंख्याचे गोल, उंच पत्र्याचे घर दिसले तर एकसंध काचेच्या गाडीत ते 1600 चे इंजिन, नेमके 1584 सीसी. इंजिन बसके, चपटे दिसले तर 1972 च्या मॉडेलपासून आलेले 1700, 1800 किंवा 2000 चे. त्याची मापे वेगळी. खालचे आकडे 1600 चे आहेत. 1967 च्या मॉडेलआधीची गाडी बहुधा 6 व्होल्टची असते, तिला 12 ची बॅटरी लावून बल्ब उडवू नका.

पेट्रोलची वाट

टाकी गिअरबॉक्सच्या वर, इंजिनाच्या पुढे बसलेली आहे आणि ती काढायला इंजिन उतरवावे लागते. ते चार ठिकाणी, 17 च्या पान्याने सुटते. एकसंध काचेच्या गाडीत मागचा आडवा दांडाही सोडावा लागतो. पाच-सात वर्षांहून जास्त उभ्या गाडीत हा खटाटोप करावाच. टाकीच्या तळाशी गंज आणि वार्निशसारखा चिकट थर असतो, आणि वर नवे पेट्रोल ओतले की तो सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येतो. शिवाय टाकीच्या वरच्या बाजूच्या हवेच्या नळ्या इंजिन उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत. त्या फाटलेल्या असल्या की टाकी भरल्यावर आत वास येतो आणि लोक उगाच कार्ब्युरेटरला दोष देतात.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या पद्धतीचे, वरून सुती वेणी असलेले होज त्याने आतून फुगते, मऊ पडते आणि वेणीमुळे बाहेरून धडधाकट दिसते. त्यामुळे वेणीचे होज घेऊच नका. अंगावर ‘एसएई जे30 आर9’ छापलेले, साडेपाच ते सहा मिमी आतल्या व्यासाचे होज घ्या. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळी जोडणी मिळून दीड-दोन मीटर पुरते. क्लिप दात्यांची नको, ती रबर चिरते. गोल कडेची, नटबोल्टची घ्या. इंजिनाच्या पुढच्या पत्र्यातून होज जिथे आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवेच, नाहीतर पत्र्याची धार काही महिन्यांत होज कापते.

दोन गोष्टी या गाड्यांना जाळतात. पहिली म्हणजे कार्ब्युरेटरमधली पितळी नळी. ती नुसती ठोकून बसवलेली असते, सैल झाली की होजसकट बाहेर येते आणि पंप गरम इंजिनावर पेट्रोल फेकत राहतो. बोटांनी फिरवून बघा. फिरली तर काढून, घट्ट बसेल अशी लेथवर करवून घ्या. दुसरी, डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लटकवलेला प्लास्टिकचा फिल्टर. त्याची जागा खाली, गिअरबॉक्सजवळ, इंजिनकक्षाच्या बाहेर.

ब्रेक

पेडल दाबल्यावर गाडी थांबते एवढ्यावर समाधान मानू नका. जुने ब्रेक होज आतून सुजते. दाबाने तेल पुढे जाते, परत येत नाही. चाचणी सोपी आहे: चाक जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा. चाक अडकलेले राहिले तर त्या चाकाचा ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा. उघडताच चाक मोकळे फिरले तर दोष होजचा. तरीही अडकले तर व्हील सिलिंडर किंवा लायनर. होज चारही एकदम बदला. मास्टर सिलिंडरच्या कप-सीलचेही तेच. किट टाकण्याआधी आतली भिंत बघा, गंजाचे खड्डे असतील तर नवा सिलिंडर घ्या, किट महिनाभरही टिकणार नाही.

ब्रेकचे तेल डॉट 4. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ड्रमचे लायनर त्याआधीच ॲडजस्ट केलेले हवेत, नाहीतर पेडल खोलच जात राहते आणि हवा राहिली असा भास होतो.

टायर 185 आर14, आणि शेवटी ‘सी’ असलेले, म्हणजे मालवाहू क्षमतेचे. कारचे टायर त्या आकारात बसतात पण सामान भरलेल्या कॅम्परला ते पेलत नाहीत, वळणावर बाजू दुमडते. दाब पुढे साधारण 30, मागे 40 पीएसआय. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही असो, दहा वर्षांपुढचा टायर काढा.

इंजिन हाताने फिरवा

चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाका, दोन दिवस थांबा. मग खालच्या मोठ्या पुलीच्या बोल्टला 30 चा पाना लावून हाताने फिरवा. अडले तर जोर करू नका, अजून ऑइल, अजून दोन दिवस.

पुली धरून पुढे-मागे ढकला. योग्य खेळ 0.07 ते 0.13 मिमी, म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल इतका. ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला तर मेन बेअरिंग आणि केस (इंजिनाचे बाहेरचे कवच) दोन्ही संशयात. सौदा व्हायचा असेल तर किंमत इथेच ठरते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, इंजिन पूर्ण थंड असताना, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही 0.15 मिमी. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कडेच्या खाचेकडे आला की एक नंबरचा पिस्टन वर. एक नंबर म्हणजे मागे उभे राहून गाडीच्या तोंडाच्या दिशेने बघताना उजवीकडचा पुढचा, दोन त्याच्या मागचा, तीन डावीकडचा पुढचा, चार मागचा. एकचे दोन टॅपेट झाले की पुली उलटी, घड्याळाच्या विरुद्ध, अर्धा फेरा फिरवा आणि दोन करा. तसेच तीन, चार. फायरिंग ऑर्डर 1-4-3-2 असल्याने उलटे फिरवल्यावर क्रम सरळ येतो.

तीन नंबरच्या एक्झॉस्टची नोंद वहीत ठेवा. 1971 च्या मॉडेलआधी ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत उभा असे, त्यामुळे तो सिलिंडर सगळ्यांत गरम. दर वेळी त्याचा गॅप कमी झालेला सापडत असेल तर व्हॉल्व्ह ताणला जातोय. पुन्हापुन्हा सेट करत बसलात तर एक दिवस व्हॉल्व्हचे डोके तुटून पिस्टनवर पडते. हेड तेव्हाच उतरवा.

ऑइल अडीच लिटर, आपल्याकडच्या उन्हाला 20डब्ल्यू-50. पेपर फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, म्हणून दर 3,000 किमीला बदल. जाळीच्या झाकणाचे सहा छोटे नट 7 न्यूटन-मीटरच्या वर कसू नका. ट्रकवर हात बसलेल्या मिस्त्र्याला हे पटवणे अवघड जाते, कारण ट्रकचा ब्लॉक लोखंडाचा आणि ही केस मॅग्नेशियम मिश्रधातूची. आटे अलगद उपटून येतात. हेडचे नटही तसेच: 10 मिमीच्या स्टडला 31, 8 मिमीच्या स्टडला 25 न्यूटन-मीटर, बस्स. आणि या केसवर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करायचे असेल तर खाली पडलेला कीस आधी झाडून घ्या. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर त्यावर पाणी टाकायचे नाही, कोरडी वाळू टाकायची.

पहिल्यांदा सेल मारताना कॉइलची तार काढून ठेवा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत, दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत फिरवा. मग तार जोडा.

इंदूरची उष्णता आणि घाट

रेडिएटर नाही, म्हणून थंड ठेवण्याचे सगळे काम पंखा आणि पत्रे करतात. इंजिनाभोवतीचे पत्रे एक भिंत उभी करतात: वरची हवा थंड, खालची गरम. कडेची रबरी पट्टी ती भिंत बंद करते. पट्टी झडली की सिलिंडरवरून गेलेली गरम हवा खालून वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. बाहेर 42 अंश असताना हा फरक थेट ऑइलच्या तापमानात दिसतो. सिलिंडरच्या खाली बसणारे छोटे पत्रे बहुतेक गाड्यांत गायब असतात, कारण ओव्हरहॉलनंतर ते ‘जास्तीचे’ म्हणून उरतात. ते शोधून लावा. पंख्याचे घर उघडून आत उंदराचे घरटे नाही ना तेही बघा. उभ्या गाडीत ते हमखास सापडते, आणि सगळे सेटिंग बरोबर असूनही एक बाजू तापते त्याचे कारण बहुतेकदा हेच.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण 15 मिमी दबावा. पुली दोन अर्ध्यांची आहे, मधले वॉशर काढले की बेल्ट घट्ट होतो. काढलेले वॉशर फेकू नका, नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवा. पुढच्या बेल्टला लागतील. हाच बेल्ट पंखाही फिरवतो. म्हणून चालताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘घरी जाऊन बघू’ चालणार नाही, तिथेच इंजिन बंद.

टायमिंग, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, डिस्ट्रिब्युटरच्या मॉडेलनुसार बदलते, पण व्हॅक्यूमची नळी काढून 3,500 आरपीएमला एकूण ॲडव्हान्स 28 ते 32 अंशांत हवा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.4 मिमी.

ऑइलच्या तापमानाचा मीटर लावून घ्याच. 110 अंशांपर्यंत ठीक, 120 ला थांबा. खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाट चढताना चौथ्या गिअरमध्ये रेटत नेऊ नका. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगाला बांधलेला आहे, म्हणून तिसऱ्यात, जास्त फेऱ्यांवर गाडी थंड राहते. महेश्वरकडे घाट उतरताना उलटा प्रश्न येतो: उतार तीव्र, पुढेमागे ट्रक, आणि जुन्या मॉडेलला चारही चाकांना ड्रम. माथ्यावरच तिसरा किंवा दुसरा टाका, ब्रेक मधूनमधून दाबा, सतत पाय ठेवून तापवू नका.

राहण्याचा भाग, सुटे भाग आणि कागद

गॅसची शेगडी असेल तर जुनी नळी आणि रेग्युलेटर दोन्ही टाकून आयएसआय मार्कचे नवे घ्या, आणि सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खालीच साचतो. फ्रिज आणि दिव्यांसाठी दुसरी बॅटरी लावताना मध्ये रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. जुना डायनॅमो 30 ते 38 अँपिअरचा, त्याच्यावर फार भार टाकू नका. अग्निशामक समोरच्या दाराजवळ ठेवा. मागे ठेवला तर आगीतून काढावा लागेल.

होज, क्लिप, ग्रोमेट इंदूरच्या सियागंज बाजारात मिळून जातात. बेल्ट आणि बेअरिंग जुन्यावरचा नंबर दाखवून घ्या. पत्रे, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे किट बाहेरून मागवावे लागतात, पण मिळतात, कारण ब्राझीलमध्ये ही गाडी 2013 पर्यंत बनत होती आणि 2005 पर्यंत हेच हवेने थंड होणारे इंजिन त्यात होते. केसचे लाइन बोअरिंग (मेन बेअरिंगची भोके एका रेषेत कापणे) मात्र ज्याने आधी हलक्या धातूची केस केली आहे अशाच मशिनवाल्याकडे द्या.

गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमानुसार ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी होते: शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण 5,000. पण मग रोजच्या वापराला किंवा भाड्याने ती चालवता येत नाही. सहलींना हवी असेल तर साधे आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ठेवणेच सोयीचे.

पहिल्या 50 किमीनंतर चाकांचे नट, होजच्या क्लिप आणि टॅपेट पुन्हा बघा. 500 किमीला ऑइल बदला आणि जाळीत धातूची चमकी दिसते का ते उन्हात धरून पाहा.