बचत गटाचं बँक कर्ज अडतंय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ तालुक्यांतल्या बायका द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरल्या की गटाच्या बैठका थांबतात. रजिस्टर मात्र चालूच राहतं! दर आठवड्याला बैठक, सगळ्या हजर, सगळं एकाच पेनानं आणि एकाच हस्ताक्षरात. कर्जाचा प्रस्ताव अडकतो तो पुष्कळदा इथेच. शाखेतले साहेब अशी रजिस्टरं वर्षानुवर्षं पाहत असतात. सहा महिन्यांची पानं एका दुपारी भरलेली असली तर त्यांच्या ते लगेच लक्षात येतं, आणि मग खऱ्या नोंदींवरही विश्वास उरत नाही. त्यापेक्षा ‘सात जणी कामाला बाहेरगावी, बैठक झाली नाही, बचत पुढच्या बैठकीत जमा’ असं सरळ लिहा. खाडाखोड असली तरी चालेल, पण गटाच्या पैशातून सदस्यांना दिलेलं अंतर्गत कर्ज कुणाला दिलं, किती परत आलं, हे पासबुकाशी जुळलंच पाहिजे.

‘खातं उघडून सहा महिने झाले नाहीत’ हे कारण ऐकून परतू नका. ‘उमेद’च्या (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांसाठी सहा महिने मोजायचे ते गटाच्या हिशोबाच्या वह्यांवरून, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. बचत खात्याला पदाधिकाऱ्यांची केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची कागदपत्रं, पुरते. सगळ्या सदस्यांची कागदपत्रं लागू शकतात ती कर्जाच्या वेळी. तेव्हा आधारवर माहेरचं नाव आणि गटाच्या वहीत सासरचं, असा घोळ निघतो. तो आधीच निस्तरून ठेवा. अध्यक्ष-सचिव बदलल्या असतील तर ठरावाची प्रत त्याच आठवड्यात बँकेत द्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते मिळू शकतं. पैसे आले की दहा जणी पंधरा-पंधरा हजार वाटून घेतात. भांडण नको म्हणून! पण नागलीचे पापड करणारीला तेवढे लागत नाहीत, शेळ्या घेणारीला पुरत नाहीत, आणि एखादीला कर्ज नकोच असतं. ती आपला वाटा गुपचूप जावेला देते. सहा महिन्यांनी हप्ता कुणी भरायचा यावरून जे भांडण टाळलं होतं तेच होतं. वाटप गरजेप्रमाणे करा आणि हप्ता कमाईच्या वेळेप्रमाणे लावा. जिचा उन्हाळ कांदा चाळीत पडून आहे, तिच्याकडून मे महिन्यात मोठा हप्ता कसा निघेल? अर्ज करण्याआधीच कोणाला किती, कशासाठी आणि फेड कधी, हे बैठकीत लिहून काढा. बँकेलाही तेच पाहायचं असतं.

एखादी सदस्य किंवा तिच्या घरचं कुणी बँकेचं थकबाकीदार आहे म्हणून अख्ख्या गटाला सहसा नाकारता येत नाही. गट स्वतः थकीत नसला म्हणजे झालं. मात्र गटाच्या कर्जातून त्या थकबाकीदार सदस्याला पैसे द्यायचे नाहीत. तिला त्यासाठी गटातून काढायची घाई करू नका.

‘उमेद’च्या गटांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, आणि गटाची बचत अडकवून ठेवायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी काही ठिकाणी ‘थोडी एफडी करा’ म्हणतात आणि गट मुकाट्यानं करतो. नम्रपणे म्हणा, ‘साहेब, तसं लिहून द्या.’ मग ‘उमेद’च्या तालुका कक्षात जा. तिथे निभावलं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे. नाशिकला ती बँक ऑफ महाराष्ट्र आहे.

कर्ज कॅश क्रेडिटचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा पैसे उचलायचे-भरायचे असं असेल तर सगळी रक्कम एकदम उचलून वर्षभर खातं गप्प ठेवू नका. दर महिन्याला निदान एक भरणा, तोही लागलेलं व्याज भागेल इतका, आणि कर्जाची बाकी मर्यादेच्या वर सलग तीस दिवसांपेक्षा जास्त राहायला नको. एवढं पाळलं तर खातं नियमित धरतात, आणि व्याजाची सवलत त्यावरच ठरते.