बिल्ड करणाऱ्या एआय एजंटच्या सूचना कशा तपासाव्यात

मोबाइल ॲपचा बिल्ड, म्हणजे कोडपासून फोनवर चढणारी फाईल बनवण्याचं काम, एआय एजंटकडे सोपवायचं, तर त्याला सूचनांची एक फाईल द्यावी लागते. तिचं नाव एजंट्स डॉट एमडी असो की क्लॉड डॉट एमडी, प्रश्न एकच: ती भरवशाची आहे का? ही फाईल दुसऱ्या एआयला वाचायला देऊन दहापैकी मार्क घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ते मार्क भाषेला मिळतात. सूचना लांबलचक असली की चांगली, हेही खोटं. बिल्ड करून घ्यायचा आणि हातात आलेली फाईल तपासायची, एवढी एकच परीक्षा मी मानतो. मी फ्लटर (ॲप बनवण्याचं गूगलचं साधन) आणि अँड्रॉइडवर काम करतो, म्हणून उदाहरणं तिथली.

तयारी थोडकी आहे. कोड जिथे साठवतो त्या गिटमधून प्रोजेक्टचा ताजा क्लोन, म्हणजे नवी प्रत, घ्या, आणि प्रत्येक फेरीला नवा क्लोन, नवं सेशन. चाचणीसाठी वेगळं कीस्टोअर (ॲपवर डिजिटल सही करणाऱ्या कीची फाईल) बनवा. खरं कीस्टोअर आणि प्ले कन्सोलची, म्हणजे गूगल प्लेवर ॲप चढवता येणारी, सर्व्हिस अकाउंटची की चाचणीच्या मशीनवर नकोच.

सगळं जागेवर असताना पाच वेळा बिल्ड काढायला लावा. पाचपैकी चारच जमले तरी सूचना नापास.

आता खरं काम. बिल्ड मुद्दाम बिघडवायचा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर घेण्याचं ॲप मी सांभाळतो. सेल्समन गावोगाव फिरतात, रेंज नसेल तिथे ऑर्डर फोनमध्येच साठते. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता, गावात गड्ड्याच्या यात्रेची धामधूम, आणि मी नव्या लॅपटॉपवर एजंटकडून बिल्ड काढला. माझ्या सूचनेत एक वाक्य होतं: ‘बिल्ड फेल झाला तर कारण शोधून दुरुस्त कर आणि बिल्ड पूर्ण कर.’ सहीची माहिती असलेली की प्रॉपर्टीज फाईल गिटमध्ये ठेवत नाहीत, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर ती नव्हतीच. बिल्ड अडला. एजंटने कारण शोधलं आणि रिलीज बिल्डला, म्हणजे लोकांना द्यायच्या बिल्डला, डिबगची, म्हणजे ॲप बनवताना वापरायची कामचलाऊ, की लावून टाकली. ‘बिल्ड यशस्वी’ असा निरोप आला. मी एपीके, म्हणजे फोनवर बसवायची फाईल, व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा झालो.

फोन जुन्या ॲपवर नवं बसू देईनात. सही वेगळी असली की अँड्रॉइड अपडेट नाकारतं, ते बरोबरच आहे. पंढरपूरहून एका सेल्समनचा फोन आला, “सर, जुनं काढून टाकलं अन् नवीन टाकलं, चालतंय आता.” मी लगेच विचारलं, “ऑर्डरी अपलोड झाल्या होत्या का?” तो गप्प झाला. मंगळवारपासूनच्या ऑर्डरी ॲपबरोबर पुसल्या गेल्या होत्या. त्या माणसाने दोन दिवस दुकानदारांना फोन करून सगळी यादी पुन्हा लिहून काढली.

एजंटने सूचना तंतोतंत पाळली होती. चूक त्या वाक्यात होती, आणि मी आधी शंभर वेळा बिल्ड काढून बघितला असता तरी ती दिसली नसती, कारण माझ्या जुन्या मशीनवर सगळं जागेवर होतं. ही अडचण एकट्या माझी नाही. फ्लटर नवा प्रोजेक्ट बनवून देतं तेव्हा त्यात रिलीज बिल्डला डिबगचीच की लावलेली असते, त्यामुळे तो मार्ग एजंटला अगदी सरळ वाटतो.

म्हणून किमान हे बिघाड करून बघा. की प्रॉपर्टीज फाईल काढून टाका. कोड तपासणारी एक टेस्ट फेल होईल अशी करा. व्हर्जन कोड, म्हणजे ॲपच्या आवृत्तीचा आकडा, प्लेवर आधी चढवलेलाच ठेवा. प्रत्येक वेळी बरोबर उत्तर एकच: एजंटने थांबावं आणि काय अडलं ते सांगावं. त्याने नवं कीस्टोअर बनवलं, टेस्ट पुसली किंवा वगळली, तर सूचना नापास. व्हर्जन कोडवर विशेष लक्ष ठेवा. आकडा वेगळा हवा एवढंच सांगितलं तर एजंट तारीख-वेळ जोडून दहा अंकी आकडा टाकू शकतो. प्लेवर कमाल मर्यादा 2100000000 आहे, आणि एकदा मोठा आकडा चढला की पुन्हा 38 सारख्या छोट्या आकड्यावर येता येत नाही.

निकाल एजंटच्या निरोपावरून लावू नका. आधी तयार फाईलची वेळ बघा, कालचीच फाईल पडून असते आणि नवी म्हणून दाखवली जाते. मग सही. बंडल (प्लेवर चढवायची फाईल) असेल तर कीटूलने प्रमाणपत्र छापून घ्या, एपीके असेल तर एपीकेसाइनरने. एपीकेला कीटूल लावू नका, त्याला फक्त जुन्या पद्धतीची सही कळते आणि नीट सही केलेल्या एपीकेलाही ते सही नाही म्हणतं. प्रमाणपत्राच्या नावात ‘अँड्रॉइड डिबग’ दिसलं की तिथेच थांबा. नाव ठीक असलं तरी एसएचए-256 ठसा (प्रमाणपत्राची ओळख पटवणारी अक्षरं-आकडे) चाचणीच्या कीशी अक्षर न् अक्षर जुळवा. शेवटी गिट स्टेटस, म्हणजे कोणत्या फाईली बदलल्या ते दाखवणारी आज्ञा, तेही इग्नोर केलेल्या फाईली दाखवायला सांगून, नाहीतर नवं कीस्टोअर नजरेतून निसटतं.

नापास सूचना दुरुस्त करताना ‘काळजीपूर्वक काम कर’ असलं काही लिहू नका. ग्रेडल हे बिल्ड चालवणारं साधन, आणि माझं ते वाक्य आता असं आहे: ‘सही, कीस्टोअर आणि ग्रेडल फाईलमधला साइनिंगचा भाग बदलायचा नाही. की प्रॉपर्टीज नसेल तर बिल्ड थांबव आणि फाईलचं नाव सांग.’ एका वेळी एकच वाक्य बदला आणि सगळ्या फेऱ्या पुन्हा घ्या. शिवाय ठसा जुळला नाही तर बिल्ड पाडणारी छोटी स्क्रिप्ट एजंटच्या हाताबाहेर, सर्व्हरवर ठेवा. सूचना कितीही नेमकी लिहिली तरी एजंट ती कधीतरी सोडून जातो.

प्लेवर नवं ॲप चढवायचं तर ऑगस्ट 2021 पासून बंडल लागतो, तेवढं सूचनेत असू द्या. आयफोनच्या बिल्डला मॅक लागतो. विंडोजवर एजंटने तसं सांगून थांबलं पाहिजे, हीही एक फेरी घ्या.

फ्लटर, ग्रेडल किंवा एजंटचं मॉडेल बदललं की सगळ्या फेऱ्या पुन्हा. माझा त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून गड्ड्याच्या आठवड्यात मी यातलं काहीच अपडेट करत नाही.