रायफलीची काडतुसं घेताना या चुका टाळा

मक्याच्या कणसात दूध भरायला लागलं की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात पारावरच्या गप्पा डुकरांवर येतात. कुणाची केळी आडवी केली, कुणाचा भुईमूग उकरला, कुणी रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजवला. पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक किंवा रायफल घरात असलेली आम्ही मोजकी माणसं. आम्हाला हमखास विचारतात, "काय भो, कोणती गोळी आणली यंदा?" मग जो तो आपापलं ज्ञान सांगतो. ते ऐकून कुणी दुकानात जाऊन तसंच मागितलं, तर त्याचे पैसे तरी जातील, नाही तर बोटं तरी.

आधी कायद्याचं उरकून घेतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती, यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. ते पीक खात असलं तरी कलम ११ खाली वनविभागाची लेखी परवानगी हातात लागते. शस्त्रपरवान्यावर 'पीकसंरक्षण' लिहिलंय म्हणजे ही परवानगी आली, असा समज आमच्याकडे बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. बाकी ज्यांना रेंजवर नेमबाजीच करायची आहे, त्यांनाही खालचं सगळं लागू.

नळी न वाचता नाव सांगणं

माझ्याकडे वडिलांची ३१५ बोअरची, इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल आहे. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. भाच्याने दोन वर्षांपूर्वी थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६) घेतली. दुकानात जाऊन त्याने मागितलं काय, तर "थर्टीची एक डबी द्या." थर्टी म्हणजे कोणती? .३०-०६, .३०-३० आणि .३०० मॅग्नम ही तीन निरनिराळी काडतुसं. .३०८ मध्ये तर गोळीचा व्यास .३०-०६ इतकाच असतो, पण पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्याची, लांबी ६३ ऐवजी ५१ मिमी. गोळी सारखी दिसते म्हणून काडतूस सारखं होत नाही. .३०-०६ मधला ०६ हा आकडा १९०६ सालाचा, त्या वर्षी अमेरिकी सैन्याने हे काडतूस घेतलं. भाच्याला हे माहीत नव्हतं, तो त्याला मॉडेल नंबर समजत होता.

३१५ वाल्यांचा घोटाळा निराळा. कुणीतरी सांगतं, ही आठ मिमीच आहे. आठ मिमी माउझरची गोळी जाडीला जास्त आणि काडतूस वेगळंच. त्याचा आणि आपल्या रायफलीचा काही संबंध नाही. ही ३१५ आली कुठून, तर इंग्रजांच्या काळात .३०३ लष्करी बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद होतं, म्हणून जवळपास त्याच बांध्याची रायफल वेगळ्या बोअरमध्ये निघाली. दिसायला ती थ्री-नॉट-थ्रीची बहीण, पण काडतूस तिचं स्वतःचं.

तेव्हा नळीवर कोरलेलं वाचा, परवान्यावर लिहिलेलं वाचा, डबीवरचं वाचा आणि शेवटी काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचा. चारही जुळले तरच पैसे द्या. शिक्का वाचायला आता मला चष्मा लागतो, पण मी वाचतो.

"वरणगावची मिळते का?"

हा प्रश्न फक्त आपल्याच जिल्ह्यात विचारला जात असेल. भुसावळजवळ वरणगावला आयुधनिर्माणी आहे, तिथे गोळ्या बनतात, मग आपल्याला जवळची का मिळू नये, असा साधा हिशेब. वरणगावला लष्कराच्या बंदुकांची काडतुसं बनतात. ती प्रतिबंधित बोअरची. सामान्य परवानाधारकाच्या घरात असं एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. नागरिकांसाठीची ३१५ आणि बारा बोअरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येतात. दोन्ही कारखाने ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या एकाच कंपनीखाली आहेत, म्हणून गोंधळ वाढलाय इतकंच. कुणी "ओळखीतून" दोन-चार देऊ केली तर हात मागे घ्या. कुणी घरी भरलेली देतो म्हटलं, तरीही.

जड गोळी म्हणजे जोरदार गोळी

डबीवर ग्रेन लिहिलेलं असतं. ते गोळीचं वजन, दारूचं नव्हे. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. थर्टी-ओ-सिक्समध्ये १५०, १६५ आणि १८० ही वजनं नेहमी दिसतात. १५० ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८९० मीटरने सुटते, १८० ची सुमारे ८२० ने. हे आकडे २४ इंची चाचणी नळीवरचे. तुमची नळी २० किंवा २२ इंची असेल तर वेग थोडा कमीच मिळणार, तेव्हा डबीवरचा आकडा पाहून फुशारून जाऊ नका. ३१५ ला मात्र निवडीचा त्रासच नाही: २४४ ग्रेनची जड, संथ गोळी, आणि आमच्या कामाला ती पुरते.

कारण आमचं काम किती अंतरावरचं? केळीच्या बागेत चाळीस-पन्नास पावलांपलीकडे दिसत नाही. मक्याच्या बांधावरून फार तर शंभर. या अंतरात १५० आणि १८० यांच्या पडण्यात बोटभरही फरक नाही. तीनशे मीटरवर सपाट जाणारी गोळी घेऊन इथे करणार काय?

यापेक्षा मोठा प्रश्न गोळीच्या टोकाचा. तांब्याच्या पूर्ण कवचाची गोळी कागदाला आणि रेंजला चांगली, स्वस्तही पडते. जनावरावर ती आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि उसात जाऊन बसतं. जखमी डुक्कर काय करतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. म्हणून जिथे परवानगी असेल तिथे मऊ टोकाची, म्हणजे सॉफ्ट नोज. टोकाला शिसं उघडं दिसतं, आत गेल्यावर ते पसरतं आणि जोर तिथेच उतरतो.

तरी सॉफ्ट नोज आहे म्हणून गोळी थांबेल, यावर विसंबू नये. तापीकाठचं आपलं रान ताटासारखं सपाट. चुकलेल्या गोळीला अडवायला टेकडी नाही, उंच बांध नाही. केळीचा खांब म्हणजे पाणीच. तो रायफलीच्या गोळीला कसा अडवणार? हवेत तिरपी गेलेली गोळी तीन-चार किलोमीटर सहज जाते. तेवढ्या अंतरात एखादा पाडा येतो, पाण्याची पाळी द्यायला रात्री उठलेला माणूस येतो. आमचे शेजारी आप्पा सपाट जमिनीवरून कधीच बार टाकत नसत. माळ्यावरूनच, नळी खाली झुकवून, म्हणजे चुकली तरी काळ्या मातीत शिरेल. गोळीची निवड करताना मागे काय आहे हा विचार आधी यावा, ग्रेन नंतर.

दोन डब्यांची खिचडी

ही चूक माझी स्वतःची. एका दुकानदाराने जुना माल थोडा कमी भावात दिला, अर्धा जुना आणि अर्धा नवा. मी आनंदाने घेतला. रेंजवर पहिल्या तीन गोळ्या पोस्टकार्डाएवढ्या जागेत, चौथी वीतभर खाली, पाचवी पुन्हा वर. दोन तास मी माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) ठोकत बसलो, दस्त्याचे स्क्रू आवळले, स्वतःच्या श्वासाला दोष दिला. घरी येऊन पुंगळ्या मांडल्या तेव्हा बुडावरचे शिक्के दोन वेगवेगळ्या सालांचे.

कारखान्यातल्या प्रत्येक खेपेची दारू आणि टोपी (बुडातली, दारू पेटवणारी) थोडी इकडेतिकडे असते. म्हणून डबीवर लॉट नंबर छापतात. घ्यायची तर एकाच लॉटची घ्या, परवान्यात बसतील तेवढी. नवा लॉट आला की रेंजवर पाच गोळ्या टाकून नेम परत तपासा, आणि कुठल्या लॉटला माशी कुठे बसली ते वहीत लिहा. परवाना असलेल्या रेंजवरच, बरं का. लग्नात, मिरवणुकीत 'तपासून' पाहणाऱ्यांसाठी २०१९ पासून वेगळी शिक्षा आहे.

काडतूस कुठे ठेवलंय

जळगाव-भुसावळचा मे महिना सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत किंवा गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. तापलेलं काडतूस उडवलं की दाब वाढतो, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) घट्ट बसतो, गोळी थोडी वर लागते. आणि वर्षानुवर्षं असं तापलं की दारू बिघडते ते वेगळंच. घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या खोलीत, कुलपात ठेवा.

चामड्याच्या पट्ट्यात लावून भिंतीला टांगायची जुनी रीत दिसायला रुबाबदार, पण चामड्याने पितळ कळकतं. हिरवा थर आला की काडतूस नळीत अडकतं. तो थर जावा म्हणून तेल पुसणारेही पाहिलेत. तेल टोपीत झिरपलं तर बार फुसका, आणि तेलकट पुंगळी नळीच्या भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. काडतुसाला तेल लावायचं नाही, कधीच नाही.

बारा बोअरवाल्यांसाठी थोडं

रायफलीपेक्षा गावात बारा बोअर जास्त, म्हणून सांगतो. जुन्या इंग्रजी बंदुकीची खोली, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, ६५ मिमीची असते, आजची बरीच काडतुसं ७० ची. गंमत अशी की ७० हे माप काडतूस उडून तोंड उघडल्यानंतरचं. न उडलेलं काडतूस त्याहून आखूड, त्यामुळे ते ६५ च्या खोलीत बिनबोभाट बसतं. उडताना मात्र तोंड उघडायला जागा नाही आणि दाब भलताच चढतो. बसलं म्हणजे चाललं, हे इथे खोटं. आणि वीस बोअरचं काडतूस बारा बोअरजवळ सुद्धा ठेवू नका. ते घसरून नळीत पुढे जाऊन अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बाराचं भरलं की नळी फाटते.

अडलं तर काय पाहायचं

चाप ओढला आणि नुसतं टक् झालं: नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. मग काढून टोपीवर पिनेने पडलेली खूण बघा. खूण खोल आहे तर काडतूस खराब. खूण उथळ आहे तर दोष रायफलीचा: पिनेची स्प्रिंग थकलीय किंवा बोल्टमध्ये जुनं ग्रीस सुकलंय. आमच्या एका ओळखीच्यांनी याच कारणासाठी तीन दुकानं बदलली, शेवटी रॉकेलने बोल्ट धुतला आणि तीच काडतुसं चालली.

आवाज फुसका आला, धक्का लागला नाही: तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढून मागून उजेड दिसतो का ते बघा. दिसला नाही तर कारागिराकडे. दुसरी गोळी मागून टाकून पहिली 'ढकलायची' कल्पना लढवणारा माणूस मी पाहिलाय; त्याच्या सोबत्याने हात धरला म्हणून वाचला.

३१५ मध्ये मॅगझिनमधून काडतूस वर येत नाही, बोल्ट अडतो: बहुतेक भरण्यातली चूक. याच्या बुडाला काठ असतो. वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे हवा. मागे राहिला की दोघं एकमेकांत गुंततात. एकेक भरताना नीट पुढे बसवा.

पुंगळी निघत नाही: आधी नळीची खोली साफ करा, वाळलेलं तेल आणि कळक निघू दे. तरी अडकत असेल, शिवाय टोपी सपाट झाल्यासारखी दिसत असेल, तर दाब जास्त होतोय. तो लॉट वापरणं बंद करा आणि डबीसकट दुकानात घेऊन जा. डबी फेकून दिली असेल तर दुकानदार मनावर घेत नाही, हे अनुभवाने सांगतो. भाच्याने आता रिकाम्या डब्यांनी कपाटाचा एक खण भरलाय आणि त्याची बायको रोज विचारते, हा कचरा कधी काढणार म्हणून.