निवृत्त लढाऊ विमान सांभाळताय? खान्देशातल्या मंडळींनी या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला हवाई दलाच्या मिग-२१ लढाऊ विमानांचा निरोप समारंभ झाला, तेव्हापासून गावोगावची मंडळी विचारू लागली आहेत की एखादं विमान आपल्या कॉलेजच्या मैदानात किंवा पालिकेच्या बागेत आणता येईल का. आपल्याकडे हे आकर्षण जास्तच आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला मिग-२१ बनत होती आणि गोंदूर-शिरपूरच्या आकाशात शिकाऊ विमानं रोज फिरताना दिसतात. विमान मिळवायला अर्जविनंत्या पुरतात. ते पुढची वीस वर्षं शाबूत ठेवायला माणसं लागतात.

माणसं आपल्याकडे आहेत. भुसावळचे रिटायर झालेले रेल्वे फिटर, ट्रॉलीची बॉडी बांधणारे कारागीर, आयटीआयची मुलं, एनसीसीचे कॅडेट, सगळे हौसेने येतात. अडचण एवढीच की हे हात लोखंडावर तयार झालेले असतात आणि विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. लोखंडाला जे मानवतं तेच इथे घात करतं. खाली लिहिलेल्या निम्म्याहून अधिक चुका यातूनच होतात.

हात लावण्याआधी

पान्हा उचलायच्या आधी कागद तपासा. लढाऊ विमानात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटखाली स्फोटक काडतुसं असतात आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवायलाही बार भरलेले असतात. ते सगळं काढून निष्क्रिय केल्याचा लेखी दाखला हातात येईपर्यंत कॉकपिटमध्ये कोणीही बसायचं नाही. फोटोपुरतंही नाही, आणि पाहुणे कितीही मोठे असले तरी नाही.

दुसरा धोका दाबाचा. पुढच्या-मागच्या चाकांचे शॉक स्ट्रट (धक्का झेलणारे दांडे), हायड्रॉलिकचे ॲक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारी भांडी) आणि आणीबाणीच्या हवेच्या बाटल्या यांत जुना दाब शिल्लक असू शकतो. ‘नट जरा सैल करून बघतो’ हे वाक्य ऐकू आलं की काम तिथेच थांबवा.

तिसरा धोका दिसत नाही. १९६० च्या आसपासच्या बऱ्याच विमानांत कॉकपिटमधल्या डायलांचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावलेला असे. आता ते चमकत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की त्याचा जोर संपला. संपलेला असतो तो चमकणारा पदार्थ. किरणोत्सारी रेडियमचं अर्धं आयुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचं आहे. अशा डायलची काच उघडू नका, काटे खरवडू नका. काच फुटलेली असेल तर तिथे हात न लावता जाणकाराला बोलवा.

घासण्याची घाई

नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी काहीतरी घासायचं असतं आणि हाताशी सापडतो तारेचा ब्रश. त्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि लोखंडाचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात. पहिल्या पावसानंतर तिथे तांबूस ठिपके येतात, मग पत्र्यात खड्डे पडू लागतात. विमानाचा पत्रा म्हणजे आत मजबूत मिश्रधातू आणि वर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. हा थर कागदापेक्षा पातळ असतो आणि गंजापासून तोच वाचवतो. वाळूचा मारा केला तर थर जातोच, शिवाय पातळ पत्रा पोचतो तो वेगळा. पॉलिश मारून आरसा करण्याच्या नादातही हाच थर झिजतो. नायलॉनचा ब्रश, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि भरपूर सवड एवढी सामग्री बास आहे.

धुण्याचंही तेच. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, संडास साफ करायचं ॲसिड हे सगळं ॲल्युमिनियम खातं. सौम्य साबणाचं पाणी घ्या आणि नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुवा. गाड्या धुणाऱ्याचा प्रेशर पंप आणू नका. तो पाणी पत्र्याच्या जोडांत आणि बेअरिंगांत ढकलतो. वरून विमान चकचकीत दिसतं आणि आतून कुजायला लागतं.

जुन्या रंगाखाली पिवळट-हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट असण्याची शक्यता धरा. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे, कर्करोग होऊ शकतो. कोरडा पॉलिशपेपर मारू नका. ओलं करून घासा, चांगला मास्क लावा आणि निघालेला गाळ गटारात सोडू नका. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

रिवेटपाशी जरा थांबू

रेल्वेत किंवा ट्रकच्या बॉडीवर काम केलेल्यांचा हात इथे घसरतो, म्हणून जरा सविस्तर. जुना रिवेट काढायचा असेल तर छिन्नीने डोकं उडवायचं नाही, त्याने भोक लांबट होतं. डोक्याच्या मधोमध पंच मारा, रिवेटच्या मापाचाच ड्रिल लावा आणि फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खोल जा. मग डोकं हलकेच फिरवलं की टोपीसारखं निघून येतं आणि दांडा मागून ठोकून काढता येतो. घाई केली तर भोक मोठं होतं. मग त्यात मोठा रिवेट, मग त्याहून मोठा, आणि शेवटी पत्रा कडेपर्यंत फाटतो.

बाजारातले स्टीलचे पॉप रिवेट सोपे पडतात, पण वापरू नका. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले आणि मध्ये ओलावा गेला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर्षभरात त्या रिवेटभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसेल. स्टीलचा स्क्रू लावणं भागच असेल तर त्याच्याखाली प्रायमर किंवा सीलंटचा थर द्या.

सुटे केलेले स्क्रू एकाच डब्यात टाकण्याची सवय मोडा. प्रत्येक झाकणाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर झाकणाचं नाव आणि तारीख, काढण्याआधी मोबाईलवर फोटो. दिसायला सारखेच स्क्रू लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर आतली पाइपलाइन किंवा वायर फुटते.

ऊन, वारा, काळी माती

कॅनॉपी ही काच नसते, ते ॲक्रिलिक असतं. पेट्रोल, थिनर किंवा अमोनियावालं काचेचं लिक्विड लागलं की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या मग जात नाहीत. आधी भरपूर पाणी सोडून आपली बारीक धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ सुती कापडाने साबणपाणी. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे ओरखडे काढणंच. टूथपेस्टचा घरगुती उपाय घरीच ठेवा. उन्हापासून वाचवायला सुती पांढरं आवरण बरं. प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधली की आत घाम धरतो आणि वाऱ्याने घासून रंग जातो.

रंगकाम मे महिन्यात काढू नका. सुट्टी असते म्हणून मुलं तेव्हाच येतात हे खरं, पण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याला हात लावता येत नाही आणि रंग पसरायच्या आतच वाळतो. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले.

वळवाच्या वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होतात हे इथे कुणाला सांगायला नको. विमानाचं तर पंख हेच अंग. इंजिन आणि आतलं सामान काढलेलं विमान हलकं असतं, शिवाय त्याचा तोल बदललेला असतो. इंजिन मागे होतं आणि ते काढलं तर नाकावर भार येतो. नाकातलं रडार काढलं तर उलट. वजन मोजून भरणी करा, पक्क्या हुकांना बांधा आणि हलणारे रडर (शेपटीवरची पट्टी), एलेरॉन (पंखांवरच्या पट्ट्या) गादी लावलेल्या फळ्यांनी अडकवा.

काळ्या मातीवर नुसता कोबा ओतून विमान उभं केलं तर ते फार दिवस सरळ राहणार नाही. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, पावसात फुगते. सगळी काळी माती काढून मुरूम भरा आणि मग काँक्रीट घाला. दरवर्षी पावसाळ्यानंतर गवंड्याची पाण्याची नळी लावून दोन्ही पंखांची टोकं तपासा. फरक वाढत असेल तर पाया हलतोय किंवा एक स्ट्रट बसलाय. स्ट्रट बसला असेल तर कॉम्प्रेसरने हवा भरू नका, आत तेल असतं आणि दाबाखाली तेल व हवा एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. जॅक लावून स्ट्रटला बाहेरून धातूची कॉलर चढवा, म्हणजे भार तिच्यावर जाईल.

पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पोटाखाली पाणी ठिबकत असेल तर कुठलं तरी ड्रेन होल (पाणी निघायचं भोक) तुंबलंय. तिथे हमखास साळुंकीच्या घरट्याच्या काड्या किंवा गांधीलमाशीची माती सापडते. इनटेक (हवा आत घेणारं तोंड) आणि मागचं तोंड जाळीने बंद करा, पत्र्याने नको, आत हवा खेळली पाहिजे.

पूजा आणि पाहुणे

खंडेनवमीला विमानाची पूजा होणारच आणि व्हावीही. फक्त नाकावर नारळ फोडू नका, चाकाखाली लिंबू नको. दोन्हींचं पाणी जोडांत शिरतं आणि लिंबाचं आम्ल पत्र्याला लागतं. हळदी-कुंकू पुढे ठेवलेल्या पाटावर वाहा. हार सुती दोऱ्यात ओवलेला घ्या, तारेचा नको, आणि संध्याकाळी आठवणीने काढा. चार दिवस तसाच राहिलेला झेंडू रंगावर डाग सोडतो.

रंगवताना ट्रक रंगवणाऱ्या पेंटरला मोकळं सोडू नका. त्याचा हात सुंदर असतो, पण तो स्वतःच्या मनाची नक्षी घालतो. हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असा क्रम असतो. तो उलटा झालेला मुलांच्या आधी माजी सैनिकांना दिसतो. जुना रंग काढण्याआधी प्रत्येक अक्षराचा, ‘इथे पाय ठेवू नये’ अशा बारीक सूचनांचासुद्धा, मापासकट फोटो घ्या. एका कोपऱ्यात हातभर जुना रंग तसाच ठेवा. नव्या रंगापेक्षा तोच तुकडा लोक जास्त वेळ बघतात.

फलकाचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत होतं. नॅट विमान मिळालं की त्यावर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं नाव येतंच, जणू हेच त्यांचं विमान. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर त्यांना वीरमरण आलं आणि परमवीरचक्र मिळवणारे ते हवाई दलातले एकमेव अधिकारी, हे लिहायला हरकत नाही. पण समोरचं विमान कुठल्या लढाईत होतं हे त्याच्या शेपटीवरच्या क्रमांकाची नोंद मिळाल्याशिवाय लिहू नका. भारतात बनलेलं मारुत लढाऊ विमान असेल तर जर्मन अभियंते कुर्ट टँक यांचा आराखडा, १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण, एवढी खात्रीची माहितीही पुष्कळ आहे.

आणि फलकावर इंजिनाबद्दल दोन ओळी असू द्या. बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस मागच्या भोकातून वाकून बघतो आणि हमखास विचारतो, “भाऊ, यानं इंजिन कोठे शे?” काढलेलं इंजिन मिळालं असेल तर ते बाजूला घोडीवर, छपराखाली मांडा. नसेल तर ते कुठे बसायचं आणि किती लांब होतं, ते चित्र काढून दाखवा.